सुरतेतला देवळालीचा फोटो

बेळगावहून सुरतेला जायचे म्हणजे मिरज, पुणे, कल्याण, वसई करीत गाडी चांगलीच फिरवून नेते. पण हाताशी पुस्तक आणि डब्यात भाकरी-ठेचा असला की त्या प्रवासाचे काही वाटत नाही. गेल्या जानेवारीत मी असाच निघालो. निमित्त आत्तीचे. आत्ती नव्वदीला आली आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, फोनवर म्हणाला, "येऊन जा. ती रोज तुझं नाव काढते. आणि ती जुनी ट्रंक मी आता काढून टाकणार आहे. त्यातलं काही हवं असेल तर बघून घे."

'आत्ती' हा शब्द मराठी की कन्नड हे आमच्या घरात कोणी कधी ठरवले नाही. आत्तीचे यजमान ते आमचे 'मामा'. पुण्याकडच्या मंडळींना हे नाते समजावून सांगताना दमछाक होते. आपल्याकडे सांगावे लागत नाही. मामा मूळचे देवळालीजवळच्या भगूरचे. १९२९ चा जन्म. लग्नानंतर १९५६ च्या सुमारास नोकरीसाठी सुरतेला आले आणि तिथलेच झाले. टिळकवाडीत कन्नड शेजारणींच्या पाठीवर खेळून मोठी झालेली आमची आत्ती सुरतेत गेली, तिने गुजराती आत्मसात केली, आणि गेली सत्तर वर्षे कन्नड बोलायला माणूस शोधते आहे. मी दारात चपला काढत होतो तोच आतून आवाज आला, "बा, कुंद्रु. ऊटा आतेनु?"

सुरत पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती गोंधळाची वाटते. स्टेशनबाहेर पडले की रिंग रोड, त्यावर कापड मार्केटच्या इमारतींमागून इमारती, आणि डोक्याइतक्या उंचीचे साड्यांचे गठ्ठे ओढणाऱ्या हातगाड्या. सकाळी वाफाळता लोचो खायचा, वर तेल, शेव आणि कांदा. खमण बिघडले त्याचे लोचो झाले असे सुरती लोक हसत सांगतात. जानेवारी असल्यामुळे पोंकही मिळाला. पोंक म्हणजे आपला हुरडा. आत्तीच्या भाषेत सीतनी. अडाजणच्या बाजूला तापीकाठी हिवाळ्यात पोंकाची दुकाने लागतात. हुरडा, लिंबू-मिऱ्याची शेव, पोंकाची भजी आणि साखरेच्या गोळ्या अशी सगळी मांडणी असते. आपण शेतात आगटीभोवती बसून खातो ती वस्तू तिथे वजन करून पाकिटात मिळते. चव मात्र तीच.

मराठी माणसाला सुरतेत दोन गोष्टी भेटतात. एक म्हणजे थोडासा संकोच. तापीकाठच्या किल्ल्याची डागडुजी होऊन आता तिथे संग्रहालय झाले आहे. तो पाहताना जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० आठवल्याशिवाय राहत नाही. महाराजांच्या स्वारीत शहर लुटले गेले. सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता आणि किल्ला काही हाती आला नव्हता. मी वर्गात हे वर्षानुवर्षे शिकवतो. तिथे मात्र शेजारी उभ्या असलेल्या सुरती कुटुंबासमोर ते मोठ्याने बोललो नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आपली माणसे. लिंबायत, उधना या भागांत गेलात तर कानावर पडते ती मराठी आणि तिच्याबरोबर अहिराणी. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे तापी खोऱ्याच्या रेल्वेने इथे आली आणि लूमवर, मिलमध्ये, बांधकामावर लागली. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. हे ऐकले की आपल्याकडच्या माणसाच्या मनात काय येते ते मी इथे लिहीत नाही. वाचक समजून घेतील.

असो. मी आलो होतो ट्रंकेसाठी.

त्या ट्रंकेत एक फोटो होता. लहानपणी, १९९२ च्या मे महिन्यात, मी तो नानपुऱ्यातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर पाहिला होता. गोऱ्या सैनिकांचा फुटबॉल संघ, मध्ये एक चषक, आणि खाली जमिनीवर मांडी न घालता पाय पुढे पसरून बसलेला एक काळा पोरगा. तो पोरगा म्हणजे मामा. मामा सांगायचे, "ही आमच्या देवळाली कॅम्पाची टीम. चव्वेचाळीस साली हिनं मुंबईत रोव्हर कप मारला."

घरात यावर कोणाचाच विश्वास नव्हता. मामांना गोष्टी रंगवून सांगायची सवय होती. कॅम्पात गवत कापणारा आणि चुन्याने रेषा मारणारा पंधरा वर्षांचा पोरगा, त्याची म्हणे टीम, आणि तिने म्हणे मुंबईत जाऊन भल्याभल्यांना हरवले! आतेभाऊ तर त्यांच्यासमोरच हसायचा. मी हसत नसे; पण मी केले ते त्याहून वाईट होते. २००२ च्या दिवाळीत मी सुरतेला गेलो तेव्हा एम.ए. करत होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने शिंगे फुटतात ती फुटली होती. मामा कपाची गोष्ट सांगू लागले तेव्हा मी म्हटले, "मामा, लिखित पुरावा काही आहे का?"

ते काही बोलले नाहीत. उठले, भिंतीवरून फोटो काढला, मागची पाठ माझ्यासमोर धरली. तिथे पेन्सिलीने नावे लिहिलेली होती. इंग्रजीत, एकाखाली एक. मी वाचली, मान डोलावली आणि परत दिली. उतरवून घेतली नाहीत. खिशात पेन होते. पुढच्याच वर्षी मामा गेले.

आता त्या कॅम्पाबद्दल थोडे सांगायला हवे. देवळाली ही ब्रिटिशांची जुनी छावणी. विलायतेहून मुंबईला उतरलेले सैनिक आगगाडीने कसाऱ्याचा घाट चढून तिथे येत, आणि मुदत संपलेले सैनिक परतीच्या बोटीची वाट पाहत तिथेच पडून राहत. त्या वाट पाहण्यात, उन्हात आणि कंटाळ्यात कित्येकांची डोकी फिरत. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीचाच. नाशिककरांना याचा अभिमान वाटावा की नाही हा प्रश्नच आहे.

दुसऱ्या महायुद्धात या वाट पाहण्याचे रूप बदलले. आघाडीवर माणसे पडत, त्यांच्या जागा भरायला नवी माणसे लागत. विलायतेहून आलेल्या सैनिकांना आधी अशा छावणीत ठेवत. कागदपत्रे, दवाखाना, सामान, कवायत झाली की जिथून मागणी येईल तिथे तुकड्यातुकड्यांनी पाठवत. अशा छावणीला 'रीइन्फोर्समेंट कॅम्प' म्हणत. १९४४ साली मागणी होती ती मुख्यतः ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून. त्या वर्षी एप्रिल ते जुलै कोहिमा आणि इंफाळला घनघोर लढाई चालू होती. आणि त्याच जुलैत आपल्या मराठा रेजिमेंटची पोरे, ज्यांचे केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे, ती इटलीत तिबेर नदीच्या खोऱ्यात लढत होती. नाईक यशवंत घाडगे तिथेच १० जुलै १९४४ रोजी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे कोकणातला पोरगा इटलीत, आणि इंग्लंड-स्कॉटलंडचा पोरगा नाशिकच्या चिखलात फुटबॉल खेळत ब्रह्मदेशाची वाट पाहतोय. युद्ध माणसांना कुठून कुठे नेऊन टाकते!

मामांच्या सगळ्या गोष्टींत मला पटणारी गोष्ट होती ती हीच. ते म्हणत, "टीम कसली रे, धर्मशाळा होती ती. जूनमध्ये जे अकरा होते ते पावसाळा संपेपर्यंत नव्हते." छावणीचा कायमचा स्टाफ असे, कवायत शिकवणारे, कोठीवाले, कारकून. त्यांच्यातले काही ठरलेले खेळाडू. बाकीच्या जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांतून भरायच्या. नवी तुकडी उतरली की कोण कुठल्या क्लबात खेळत होता याची चौकशी आधी व्हायची. यात अतिशयोक्ती असेल असे मला वाटे, पण ती नसावी. इंग्लंडमधली मोठी लीग १९३९ ला युद्धामुळे बंद पडली होती आणि तिथले धंदेवाईक खेळाडू फौजेत भरती झाले होते. आर्सेनलचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता. तो होळकर संघाकडून रणजी खेळला आणि १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ केल्या, हे आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना पाठ आहे. स्कॉटलंडचा टॉमी वॉकर सिग्नल्समध्ये होता आणि भारत-ब्रह्मदेशात सैनिकांसाठी सामने खेळत फिरला. तेव्हा छावणीत उतरणाऱ्या हजारोंमध्ये चांगले खेळणारे दहा-वीस निघणे काही अवघड नव्हते.

एक लाल केसांचा डावखुरा होता म्हणे. चिखलात त्याचा पाय घसरत नसे. मामा त्याचे बूट धुवायचे, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीपाशी वाळवायचे. एके सकाळी मामा वाळलेले बूट घेऊन गेले तर खाट रिकामी. रात्रीच्या गाडीने तुकडी गेली होती. "बूट राहिले ना माझ्याकडे," मामा म्हणायचे, आणि मग पुढे काही सांगत नसत. ते बूट त्यांना फार मोठे होत होते. चिंध्या भरून दोन-तीनदा घातले, मग सोडून दिले. ते स्वतः अनवाणीच खेळत. त्या काळात आपल्याकडे अनवाणी खेळणे काही कमीपणाचे नव्हते. १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा त्यांचे बहुतेक गडी अनवाणीच होते.

आपल्या भागातल्या वाचकांना फुटबॉल समजावून सांगण्याची गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की अर्धे गाव दुकाने ओढून घेते. बेळगावात लेले ग्राउंडवर आणि कॅम्पात संध्याकाळी पोरे असतातच. पण आपल्याकडचा संघ म्हणजे पेठ, तालीम, गल्ली. हरला तर आठ दिवस तोंड दाखवायला जागा नसते. देवळालीच्या त्या संघाला गल्लीच नव्हती. त्यांच्यासाठी ओरडणारे कोण? कॅम्पातलेच सैनिक, तेही महिन्याभरात बदलणारे. मामा म्हणत, भगूरची आणि लॅम रोडची आम्ही पोरेच काय ती कायमची. म्हणून ती टीम 'आमची'. हा युक्तिवाद मला तेव्हा हास्यास्पद वाटला होता.

पुरावा मला सापडला तो २०११ साली, अगदीच दुसरे काही शोधताना. मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या विजेत्यांची यादी समोर आली. ही स्पर्धा १८९१ ला सुरू झाली, पहिली चाळीसेक वर्षे ती गोऱ्या पलटणींचीच मिरासदारी होती. १९२३ ला मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. १९३७ ला पहिल्यांदा भारतीय संघ जिंकला, तो बंगलोर मुस्लिम्स. आपल्या कन्नड वाचकांनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. त्यांनी १९३८ ला पुन्हा आणि १९४८ ला परत एकदा तो चषक नेला. १९४० ला मोहमेडन स्पोर्टिंग. मग युद्ध अंगावर आले. दिल्लीची ड्युरँड स्पर्धा १९४० नंतर जवळजवळ दहा वर्षे बंदच पडली, पण मुंबईत रोव्हर्स चालू राहिली. १९४२ ला बाटाचा संघ, १९४३ ला रॉयल एअर फोर्स, आणि पुढच्या ओळीत:

१९४४. ब्रिटिश बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प.

मी ती ओळ किती वेळ पाहत बसलो कोण जाणे. बाकीच्या विजेत्यांना गाव आहे, रेजिमेंट आहे, कंपनी आहे. या एकालाच फक्त कामाचे नाव आहे: माणसे पुरवणारी छावणी. त्या वर्षीची मुंबई कशी असेल याचाही विचार आला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसे गेली, हजारो बेघर झाली. रेशनच्या रांगा होत्या. आणि तरीही लोक फुटबॉल पाहायला मैदानावर गेले. माणसाला काहीतरी असे लागतेच, त्यात मला नवल वाटत नाही.

मी लगेच सुरतेला फोन लावला. आतेभावाला सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "म्हणजे दादा खरं सांगत होते." त्यानंतर फोटोची चौकशी केली तेव्हा कळले की तो आता भिंतीवर नाही. मामा गेल्यावर खोलीला रंग काढला, तेव्हा तो ट्रंकेत गेला. ट्रंक तळमजल्यावर. आणि मध्ये २००६ चा ऑगस्ट येऊन गेला होता.

सुरतकरांशी कुठल्याही विषयावर बोला, २००६ येतेच. उकाई धरणातून तापीत नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. काही वस्त्यांत पाणी दिवसेंदिवस हलले नाही. माणसे गच्चीवर, वीज नाही, चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. २००५ आणि २०१९ चा महापूर शिरोळ, चिकोडी, सांगली कोणीच विसरलेले नाही. सुरतेला उकाई, आपल्याला अलमट्टी. धरणाचे दार कधी आणि किती उघडायला हवे होते ही चर्चा तिथेही तश्शीच, त्याच आवाजात चालते. आत्तीच्या घरी पाणी छातीपर्यंत होते. शेजाऱ्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेले. ट्रंक कोणाच्या लक्षात राहणार? ओसरल्यावर ती चिखलासकट उचलून बाजूला ठेवली, आणि पुढे नव्या फ्लॅटच्या माळ्यावर गेली. आत काय राहिले हे पाहण्याचे धाडस कोणी केले नाही. फोनवर सांगणे सोपे होते. जाऊन उघडणे मीही बरीच वर्षे टाळलेच.

तर या जानेवारीत ती ट्रंक उघडली. आतेभाऊ पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये हिशेब पाहतो. त्याने खास सुट्टी घेतली होती. गंजलेली कडी पकडीने तोडावी लागली. आत वाळलेल्या गाळाचा थर. एक जरीची साडी कडक होऊन तिचा पुठ्ठा झाला होता. विमा पॉलिसी, रेशनकार्ड, एक पितळी फुलपात्र. आणि तळाशी नाही, तर बाजूला उभा टेकवलेला तो फोटो, काचेसकट.

मी आधी उलटा करून पाठ पाहिली. तिथे मातकट डागाखेरीज काही नव्हते. खिडकीपाशी नेले, तिरपा धरला, मोबाइलचा दिवा आडवा टाकून पाहिले. एका ठिकाणी पेन्सिल दाबून ओढल्याची एक उभी रेघ दिसली. ती कुठल्याही अक्षराची असू शकते. चोवीस वर्षांपूर्वी मी ती सगळी अक्षरे धडधडीत वाचली होती.

मग पुढची बाजू. फोटो उभा असल्यामुळे वरचा भाग बराच वाचला होता. मागच्या रांगेतले पाच-सहा चेहरे ओळखू येण्याइतके शाबूत. एकजण तर हसतो आहे. लाल केसांचा त्यात कोण हे काळ्या-पांढऱ्या फोटोत कसे कळणार! मधली रांग धुरकट. चषकाच्या जागी पांढरा डाग. आणि खालचा भाग काचेला चिकटून सोलला गेला होता. जिथे मामा बसले होते तिथे काही नव्हते.

आतेभावाचा नातू सहा वर्षांचा. तो मध्ये डोके घालून म्हणाला, "आ बधा कोण छे?" आतेभाऊ त्याला गुजरातीत सांगू लागला, की हे गोरे सैनिक, आणि इथे खाली तुझे मोठे दादा होते, ते यांच्या टीममध्ये होते. 'टीममध्ये होते' हे त्याने अगदी सहज म्हटले. मी दुरुस्ती केली नाही.

आत्ती पलंगावर बसून हे सगळे पाहत होती. तिला दिसते कमी. म्हणाली, "इकडं आण." मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. ती काचेवरून बोट फिरवत खाली आली, अगदी कडेला, जिथे सोललेला भाग संपतो आणि चौकटीच्या लाकडालगत बोटभर पट्टी उरली आहे तिथे थांबली. मी वाकून पाहिले. सैनिकांचे बूट होते, एका ओळीत. आणि त्यांच्या पुढे, पसरलेले, दोन अनवाणी पाय.

"ह्यांचेच," आत्ती म्हणाली. "डाव्या अंगठ्याचं नख बघ, नाही ना? तेव्हाच गेलेलं. मग आलंच नाही कधी."

मला नख दिसले नाही. फोटोत ते दिसण्यासारखे नव्हतेच. मी म्हटले, "हो आत्ती, आहे तसंच."

"नीन तगोंड होग," ती म्हणाली. तू घेऊन जा. आणि मग लगेच मराठीत, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात, "गाडी किती वाजता ह्याची? डब्याला काय दिलंस?"

परतीच्या गाडीत फोटो मी टॉवेलात गुंडाळून वरच्या बर्थवर उशाशी ठेवला होता. कल्याणला गाडी बराच वेळ थांबली. शेजारच्या फलाटावर नाशिककडे जाणारी गाडी उभी होती, आणि तिच्या दारात सामानाच्या पेट्यांवर बसलेली लष्करातली चार-पाच पोरे चहा पीत होती.